काळी दोनच्या जरा खाली

मिरजेत, स्टेशनकडून आत वळल्यावर
गौसलाजम मुल्लांचं गोदाम.
दारात मुके पंखे, ग्रामोफोनचा एक भोंगा,
दातांच्या डॉक्टरची खुर्ची, तिच्यात झोपलेलं मांजर,
आणि भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पुराची रेघ,
जी चुना देताना त्यांनी मुद्दाम सोडली आहे.

सात महिने मी एका जगाच्या
हात धुऊन मागे लागलो होतो.
(पुल्लिंगी जग. पाण्याचा.
बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली,
एवढं सांगितल्याशिवाय पुढची ओळ सुचत नाही.)

चिनी मातीचा, फुगीर, चोच किंचित वाकडी,
पोटावर निळी पानं,
कानाला पितळी टाके:
मोडल्यावर कुणीतरी टाकून न देता शिवलेला.
त्याच्याखाली तस्त. तस्तात गुलाबी फुलं.
"जोडी हाय," मुल्ला म्हणाले.
"पानं निळी, फुलं गुलाबी," मी म्हणालो.
"मग? एकाच झाडाला नसत्यात?"

निळी पानं कुठल्या झाडाला असतात, ते मी विचारलं नाही.
घासाघीस करताना वनस्पतिशास्त्र काढू नये.

जग उलटा केला. तळाला शिक्का,
अर्धा मुकुट, आणि एक सिंह किंवा कुत्रा.
झिलईवरच्या बारीक जाळीवरून नख फिरवलं;
ती वयाची, ती चालते. तडा वेगळा.
तडा डोळ्याला चुकतो, कानाला सापडतो.
म्हणून बोटाच्या पेराने ठोकलं.
शेजारी तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले निसारचाचा
मान वर न करता म्हणाले,
"काळी दोनच्या जरा खाली.
आणि आस नाही. मध्येच तुटतो.
तडा आहे, वरच्या अंगाला."

मुल्लांनी त्यांच्याकडे असं पाहिलं
की वीस वर्षांचा शेजार तिथंच फुटला असता.
मग हसले. "बाराशे होते, नऊशे द्या.
फकस्त अर्ध्याच्या वर भरू नका. खाली शाबूत हाय."

सांगलीपर्यंत बसमध्ये तस्त मांडीवर,
जग तस्तात, माझा मफलर जगात.
विश्रामबागेच्या आधी एका बाईंनी विचारलं,
"रुखवतात मांडायचंय का?"

घरी आल्यावर कळलं.
साधी गोष्ट, सात महिन्यांत डोक्यात आली नव्हती:
एका हातात जग धरला
की दुसरा हात एकटाच भिजतो.
हाताला हात धुतो, खरं,
पण त्यासाठी दोन्ही मोकळे लागतात
आणि ओतायला तिसरा, दुसऱ्या कुणाचा.
ही वस्तू घडवलीच होती दोन माणसांसाठी,
एक वाकून ओतणारा, एक हात पुढे करणारा.
कोण कुठला, ते शिक्क्यात नसतं.

बेल वाजली. इराप्पा, गॅसचा.
सिलिंडर ओट्याखाली सरकवून सहीसाठी थांबला,
तळहात काळे, अंगठ्यावर गंज.
म्हटलं, हात पुढे करा.
त्याने आधी ते पॅन्टला पुसले.
"पैसे ऑनलाइन आल्यात की."
"पैशाचं नाही. इथे, तस्तावर."
"मला?"
आणि त्याने मागे वळून पाहिलं,
दारात अजून कुणी उभं असल्यासारखं.

मी ओतलं. पहिलं पाणी
फुलांवरून काळं उतरलं.
त्याने साबण लावला, थेट कोपरापर्यंत,
आणि तेवढ्यात अर्धा जग संपला.
फेस तसाच. इराप्पा हात वर धरून उभा,
ऑपरेशनच्या आधीच्या डॉक्टरसारखा.

मी आत गेलो, नळ सोडला
आणि या खेपेला काठोकाठ भरला.
ओट्यापासून त्याच्या हातांपर्यंत
फरशीवर पाण्याची एक बारीक रेघ पडत आली.
चूक दिसली.
खूण केली नाही.